उजवा कान

कळंबोलीच्या लोखंड बाजारात पहाटे
आधी कुत्री उठतात, मग मी,
मग केबिनच्या फळीवरून गैबीचे पाय खाली लोंबतात.
टायर थंड आहेत तोवर ठोकायचे,
हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
गरम टायर फुगवून सांगतो,
चार घोट पोटात गेलेल्या माणसासारखा.

दहा टायर. हातात टॉमी.
पुढचे दोन सरळ, दिसतात तसेच.
मागचे जोडीजोडीने.
बाहेरच्याला सगळे बघतात. आतला अंधारात
शेजाऱ्याचंही वजन उचलत झिजतो,
मधे खडी अडकली तरी बोलत नाही.
त्याला वाकून ठोकावं लागतं.
टण्ण म्हणाला तर चल.
थप्प म्हणाला तर कितीही घाई असो, जॅक काढ.
एवढ्या शास्त्रावर बावीस वर्षं काढली.

गेल्या शिमग्यापासून
टण्ण आणि थप्प मला सारखेच ऐकू येतात.
उजवा कान. खिडकीकडचा.
बावीस वर्षांचा वारा त्यात शिरला,
लोकांचे हॉर्न, घाटात कण्हणारं आपलंच इंजिन,
आणि आता आत एक बारीक शिट्टी उरलीय,
कुकरची, पण गॅस बंद करायला कुणी नाही.
कुणाला बोललो नाही.
लायसन्स पुढच्या वर्षी संपतंय.
पाठ धरलीय म्हणून सांगितलं
आणि डावा कान टायरकडे करून ठोकू लागलो.

गैबीनं विचारलं नाही काही.
एक दिवस नुसता माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला,
मी ठोकला की तोंडानं म्हणायला लागला,
टण्ण. टण्ण. टण्ण.
चेष्टा करतो काय रे?
पाठ करतोय, उस्ताद.

ऑइलला कान लागत नाही.
सपाट जागा, इंजिन बंद, पट्टी ओढ, पूस,
परत घाल, परत ओढ. पहिली ओढ खोटी असते.
पुसायला त्याच्या शाळेच्या खाकी पँटीचा तुकडा,
खिशासकट. खिशात अजून चिंचोका आहे.
काळं असू दे, काळं म्हणजे काम केलेलं.
चहासारखं दुधाळ दिसलं तर जागचा हलू नकोस,
कुठंतरी पाणी शिरलंय.
तो थेंब बोटांत चोळतो, नाकाशी नेतो
आणि शर्टाला पुसतो. किती वेळा सांगितलं.

आज सोळा टनांची कॉइल, चाकणला, दुपारच्या आत.
क्रेन ती डोक्यावरून घेऊन आली
तेव्हा गैबी दोन्ही हात वर करून नाचत होता :
केबिनकडे नको, शेपटीकडे नको, थोडी, थोडी, बस.
पाचरी ठोकल्या, साखळ्या आवळल्या.
मुनीम वीरजीभाई चिठ्ठी हलवत उभे.
मी भरल्या गाडीला आणखी एक फेरी मारली.
डावीकडचा, शेवटच्या जोडीतला, आतला.
ठोकला.
मला तर चांगला वाटला.
गैबी गप्प.
मग म्हणाला, थप्प.
मुनिमाला ऐकू जाऊ नये इतकं हळू,
म्हणजे मलाही गेलं नाही.
ओठांवरून कळलं.

भरल्या गाडीखाली जॅक, दीड तास.
वीरजीभाईंनी मालकाला फोन लावला, मालकानं मला.
मी फोन उजव्या कानाला धरला
आणि हो, हो म्हणत राहिलो.
टायरमधून बोटभर खिळा निघाला,
याच बाजारातला, कुणाच्या तरी पाचरीचा.
गैबीनं तो चिंचोक्याशेजारी टाकला.

दहाएक किलोमीटरवर, पनवेलच्या पुढे, गाडी बाजूला घेतली.
वजन चालता चालता बसतं, साखळ्या सैल पडतात,
घाटाआधी त्या पुन्हा आवळायच्या असतात.
तो उतरला. टॉमी त्याच्याच हातात.
मी उतरलो नाही.
आरशात त्याचे ओठ हलताना दिसत होते.
उजवीकडचे पाच झाले.
मग मी सरकून डावीकडच्या आरशात पाहिलं.